दीड टँकर

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा मेसेज आला. "दादा, तुझी स्वित्झर्लंडची शीट पाठव ना. आम्ही तिघी जुलैत जायचं म्हणतोय. ती मोठी हिमनदी संपायच्या आत मलाही बघायचीय."

शीट म्हणजे माझी गूगल शीट. दोन वर्षांपूर्वी मी आणि कॉलेजचे दोन मित्र गेलो होतो, तेव्हा केलेली. कुठल्या दिवशी कुठली ट्रेन, हॉस्टेलचं भाडं, कुठल्या दुकानात संध्याकाळी ब्रेड स्वस्त मिळतो, केबल कारची पहिली फेरी किती वाजता, सगळं रंग देऊन नीट लावलेलं. ऑफिसातल्या चार-पाच जणांना मी ती न मागता पाठवलीय. बहिणीला पाठवायला दोन सेकंद लागले असते. मी तीन आठवडे पाठवली नाही.

अडकलो होतो तो तिच्या 'संपायच्या आत'वर. कारण मीही नेमका तेच म्हणून गेलो होतो.

ही हिमनदी म्हणजे ग्रेट अलेच. आल्प्समधली सगळ्यात मोठी. लांबी सुमारे २० किलोमीटर, क्षेत्रफळ ८० चौरस किलोमीटरच्या आसपास. बहुतेक भारतीय ती बघतात ते युंगफ्राउयोखवरून. ३,४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन आहे, १९१२ पासून तिथे ट्रेन जाते, वर 'बॉलीवूड' नावाचं भारतीय जेवणाचं रेस्टॉरंटही आहे. आम्हाला ते तिकीट परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही उलट बाजूने, व्हाले प्रांतातल्या फीश नावाच्या गावातून गेलो. गावातून केबल कार दोन टप्प्यांत एगिसहॉर्नला नेते. वरच्या स्टेशनातून बाहेर पडायचं, दगडांतून शंभरेक पावलं चालायचं, आणि मग एकदम समोर ती.

पहिला विचार मनात आला तो म्हणजे हा एक्स्प्रेसवे आहे. खरंच. रुंद, वळण घेत गेलेला, आणि मधून लांबच लांब दोन काळ्या रेघा, लेन आखल्यासारख्या. मग फलक वाचला. वर कॉन्कॉर्डियाप्लाट्झ नावाच्या जागी चार बर्फप्रवाह एकत्र येतात. प्रत्येक प्रवाह आपापल्या डोंगरकडेचा दगडगोटा काठाने घेऊन येतो. दोन प्रवाह मिळाले की त्यांचे काठ एकमेकांना चिकटतात आणि तो दगडगोटा नदीच्या मधोमध येतो. त्याच त्या रेघा. नदी वाहते हे त्या रेघांमुळेच डोळ्यांना पटतं, कारण बाकी सगळं गोठलेलं आणि गप्प असतं. कॉन्कॉर्डियाजवळ बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर आहे आणि तो वर्षाला दीडशे-दोनशे मीटर पुढे सरकतो. म्हणजे दिवसाला साधारण अर्धा मीटर. त्या चार प्रवाहांपैकी एकाचं नाव एविगश्नेफेल्ड, म्हणजे चिरंतन बर्फाचं मैदान. ज्याने हे नाव ठेवलं त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या नदीची एक गोष्ट मला फार लागली. १९२६ साली तीन भाऊ या बर्फावर हरवले. त्यांचे अवशेष सापडले २०१२ मध्ये. शहाऐंशी वर्षं नदी त्यांना पोटात घेऊन सरकत होती आणि मग वरचा बर्फ वितळला तसं तिने परत दिलं. हिमनदीला काही द्या, ती लगेच काही बोलत नाही. हिशोब ठेवते.

पण नजर अडकली ती समोरच्या डोंगराच्या अंगावर. बर्फाच्या बऱ्याच वरती एक आडवी रेघ. रेघेच्या वर गडद, जुना, शेवाळलेला दगड. खाली उघडा, फिक्कट करडा. ही रेघ मला ओळखीची होती. मांजरा धरणाच्या काठावर मे महिन्यात ती दिसते. पाणी कुठपर्यंत होतं ते सांगणारी. इथे ती १८५०-६०च्या सुमाराची आहे, तेव्हा बर्फ तिथपर्यंत भरलेला होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ नातवाला काहीतरी समजावत होते. जर्मन मला येत नाही. पण त्यांनी हात आधी छातीशी धरला, मग डोक्याच्या वर नेला, आणि मुलाने मान वर करून बघितलं. एवढं कळायला भाषा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोसफ्लू नावाच्या कड्याकडे गेलो. तिथला उतार हळूहळू खाली घसरतोय. आतापर्यंत हिमनदी त्याला टेकू देत होती, आता ती खचत गेली तसा डोंगराचा आधार सुटला. २०१६ मध्ये घसरण इतकी वाढली की काही पायवाटा बंद कराव्या लागल्या. केबल कारचं वरचं स्टेशन मुद्दाम असं बांधलंय की जमीन सरकली तर स्टेशनही सरकवून जागेवर आणता येईल. इंजिनिअर म्हणून मी त्या रचनेवर खूश होऊन दहा मिनिटं बोलत होतो. मित्र म्हणाला, "म्हणजे डोंगर पडतोय, आणि तो पडताना बघायला लोकांना वर नेता यावं याची सोय केलीय." मी गप्प बसलो.

रात्री हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत झोप येईना, म्हणून फोन काढला. वाचता वाचता २०१८ सालच्या एका अभ्यासापर्यंत पोचलो, 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आलेला. त्याचं म्हणणं असं: आज हवेत सोडलेला एक किलो कार्बन डायऑक्साइड, लांबच्या मुदतीत, जगातल्या हिमनद्यांमधला सुमारे पंधरा किलो बर्फ वितळवतो. मोटारीने अर्धा किलोमीटर गेलात तर साधारण एक किलो.

एवढा आकडा हातात आला की आमच्यासारख्यांना गप्प बसवत नाही. मुंबई ते झुरिच जाऊन-येऊन तेराएक हजार किलोमीटर. मधल्या आखाती विमानतळाचा वळसा वेगळा. इकॉनॉमीच्या एका सीटमागे अगदी कंजूषपणे धरलं तरी एक टन. गुणिले पंधरा. पंधरा टन बर्फ, म्हणजे पंधरा हजार लिटर पाणी.

लिटरमध्ये आकडा आला आणि मी उठून बसलो. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला पंधरा हजार लिटर म्हणजे काय ते कळतं. आमच्या गावात यायचा तो टँकर दहा हजारांचा. दीड टँकर.

२०१६ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. गावाकडे रेल्वे नव्हती, टँकर होता. टँकर आला की विहिरीत सोडायचे आणि मग सगळे विहिरीवर. आजीचं टिपाड भरायला मी सुट्टीत घागरी ओढल्यात. दहा लिटरची घागर धरली तर दीड टँकर म्हणजे दीड हजार घागरी. एका सुट्टीच्या प्रवासाच्या.

मला माहीत आहे, हा गुणाकार थोडा लबाड आहे. अलेचचं पाणी लातूरला येणार नव्हतं. ते ऱ्होन नदीत जातं, जिनिव्हाच्या सरोवरात जातं, शेवटी भूमध्य समुद्रात. आणि माझा पंधरा टन बर्फ एकट्या अलेचचा नाही, तो जगभरातल्या हिमनद्यांमधून थोडाथोडा, दशकांमध्ये वितळेल. पण आकडा एकदा टँकरमध्ये मोजला की तो परत टनात जात नाही.

त्या रात्रीपासून मी स्वतःला वाचवायला बरीच कारणं शोधली. बहुतेक फुसकी होती. 'विमान माझ्याशिवायही उडालंच असतं' हे तर कुणीही म्हणेल, आणि सगळे प्रवासी म्हणतात, आणि म्हणूनच विमान भरतं. पण एक कारण तगडं होतं. अलेचमध्ये सुमारे ११ अब्ज टन बर्फ आहे. जगातल्या आठ अब्ज माणसांना रोज एक लिटर वाटलं तर पावणेचार वर्षं पुरेल. त्यात माझे पंधरा टन म्हणजे काय? मी गेलो नसतो तर कुठल्याही हिमनदीत, कुठल्याही वर्षी, कुठल्याही उपकरणाला फरक दिसला नसता. मग जे केल्याने फरकच पडत नाही ते चूक कसं?

हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या पळवाट शोधणाऱ्यांचा नाही. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग या अमेरिकन तत्त्वज्ञाने २००५ मध्ये एका निबंधात गंभीरपणे मांडलं की रविवारी गंमत म्हणून पेट्रोल पिणारी गाडी फिरवण्यात काही चूक आहे हे सिद्ध करता येत नाही, कारण त्या एका फेरीने कुणाचंही नुकसान होत नाही. त्याच्या मते खरी जबाबदारी सरकारांची, आणि आपली जबाबदारी सरकारांना भाग पाडण्याची.

याच्या विरुद्ध टोकाला डेरेक पारफिट. त्याच्या १९८४च्या पुस्तकात एक उदाहरण आहे, आणि ते वाचताना मी चक्क हसलो, कारण त्यात टँकर आहे. वाळवंटात पुष्कळ माणसं जखमी होऊन तहानेने तळमळतायत. दुसरीकडे तितकीच माणसं आहेत, प्रत्येकाकडे एकेक बाटली पाणी. सगळे आपापलं पाणी एका टाकीच्या गाडीत ओततात, गाडी वाळवंटात जाते, पाणी सगळ्यांना सारखं वाटलं जातं. आता मी माझी बाटली ओतली नाही तर काय होईल? प्रत्येक तहानलेल्याला एक थेंब कमी. एक थेंब कमी झालेला कुणालाही कळणार नाही. मग मी ओतायलाच हवं का? पारफिट म्हणतो, हवं. कुणालाही न जाणवणाऱ्या गोष्टी एकत्र होऊन माणसं मरू शकतात किंवा वाचू शकतात, आणि आपल्या वाट्याचा परिणाम जाणवण्याइतका मोठा नाही हा सुटकेचा दाखला नाही.

मला पारफिट पटतो तो नोकरीमुळे. आमच्या ॲपचं एक पान उघडायला मध्यंतरी चार सेकंद लागायला लागले. बैठक झाली. प्रत्येक टीम म्हणाली, आमच्यामुळे फक्त तीस-चाळीस मिलिसेकंद. आणि प्रत्येकजण खरं बोलत होता. कुणाचाही एकट्याचा कोड काढून बघितला तर पान तेवढंच हळू. दोषी कुणीच नव्हतं आणि पान मात्र उघडत नव्हतं. यावर उपाय एकच असतो, तो म्हणजे बजेट. प्रत्येक टीमला ठरलेले मिलिसेकंद. मग 'तुझ्यामुळे फरक पडला का' हा प्रश्नच कुणी विचारत नाही. विचारतात, 'तू तुझ्या वाट्यात आहेस का?'

वाटा म्हटलं की माझ्याकडे हुकमी पान होतं. मी भारतीय. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर. हे बर्फ वितळवलं कुणी? ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांनी. त्यात आमच्या घरातलं कुणी नव्हतं. आता कुठे आमच्यातला एकजण पासपोर्ट काढून विमानात बसला तर लगेच त्याच्यापुढे नीतिशास्त्र? हे मी मित्रांसमोर बोललोही होतो, आवाज चढवून, आणि बोलताना फार बरं वाटलं होतं. त्यातलं बरंचसं आजही मला खरं वाटतं.

फक्त एक गोष्ट टोचायला लागली. ही दोन टनांची सरासरी येते कुठून? ती माझी नाही. पुण्यातला फ्लॅट, एसी, महिन्यातून दोनदा कॅबने मुंबई, वर्षाला चार-पाच विमानं. माझा आकडा सरासरीच्या कितीतरी वर. सरासरी खाली येते ती माझ्या आजीमुळे. तिच्या चुलीमुळे, तिच्या एका पंख्यामुळे, तिच्या न केलेल्या प्रवासांमुळे. २०१८ सालच्या विमानप्रवासावर एक अभ्यास आहे. त्या वर्षी जगातले फार तर चार टक्के लोक विमानाने परदेशात गेले होते. त्या चार टक्क्यांच्या रांगेत उभा राहून मी आजीचा पास दाखवत होतो. 'भारतीयांचा वाटा' म्हणून जे मी खात होतो तो तिचा होता, आणि मी तिला विचारलंही नव्हतं.

विचारायचं काय, तिला हिमनदी म्हणजे काय हेच आधी सांगावं लागलं. परत आल्यावर मी तिला फोटो दाखवले. तिने फोन लांब धरून बघितला. म्हणाली, "एवढं पाणी, आन् गोठून पडलंय का रं?" मग म्हणाली, "कुनाचं हाय?"

तिला म्हणायचं होतं, कुठल्या गावाच्या हद्दीत आहे. मी म्हटलं, फीश म्हणून गाव आहे. आणि मग त्या गावाचा नवस सांगितला, कारण तिला तेच सगळ्यात जास्त आवडलं असतं. आवडलंही.

तो किस्सा असा. सतराव्या शतकात अलेच वाढत होती. शेजारच्या मेर्येलेन सरोवराचं पाणी ती अडवायची, आणि ते सरोवर फुटलं की खालच्या खोऱ्यात पूर. १६७८ साली, इकडे शिवाजी महाराज हयात होते तेव्हा, फीश आणि शेजारच्या फीशरताल गावच्या लोकांनी देवापुढे शपथ घेतली. आम्ही सदाचाराने राहू, प्रार्थना करू, तू हिमनदी आवर. पुढे १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूकही निघायला लागली. आणि मग नदी खरंच मागे हटू लागली. इतकी, की गावाला वेगळीच भीती वाटू लागली. पण शपथ तर हिमनदी वाढू नये अशी होती, आणि ती बदलायची म्हणजे पोपची परवानगी हवी. २००९ मध्ये गावाने अर्ज केला, २०१० मध्ये व्हॅटिकनची मंजुरी आली. आता तिथे हिमनदी मागे जाऊ नये म्हणून प्रार्थना होते.

हा किस्सा ऐकून सगळे हसतात. मीही आधी हसलो होतो. प्रार्थनेचं 'प्लस' काढून 'मायनस' टाकलं, एवढंच. आजी हसली नाही. तिने विचारलं, "नवस व्हता की वसा?"

मराठीत हा फरक आहे, आणि मला तो इतका सरळ कधी दिसला नव्हता. नवस म्हणजे सौदा. तू हे कर, मी ते देईन. काम झालं की फेडायचा आणि मोकळं. वसा म्हणजे घेतलेली रीत. ती पाळायची, फळ मिळो न मिळो, आणि उतणं-मातणं नाही. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये वसा टाकला की काय होतं ते आजीने आम्हाला लहानपणी शंभरदा सांगितलंय. फीशच्या शपथेत दोन्ही आहे. हिमनदी आवर, हा नवस. सदाचाराने राहू, हा वसा. प्रार्थनेची दिशा बदलायला रोमहून परवानगी आणावी लागली. वसा होता तिथेच राहिला. आणि गंमत बघा, १६७८ मध्ये त्यांच्या वागण्याचा हिमनदीशी काडीचाही संबंध नव्हता, तरी त्यांनी शपथ घेतली. आज संबंध आहे, किलोला पंधरा किलो असा मोजलेला आहे, आणि आपण मात्र फक्त नवस बोलतो. तिकीट काढताना विमान कंपनीच्या साइटवर एक चौकोन असतो, थोडे पैसे द्या, आम्ही तुमच्या नावाने झाडं लावू. मी तो चौकोन टिक केला होता. फेडला आणि मोकळा झालो. वर जाऊन फोटोखाली लिहिलं, 'ही संपायच्या आत बघून घ्या.'

स्विस लोक काही फार वेगळे नाहीत, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर फीशबद्दल उगाच भक्तिभाव वाटेल. जून २०२१ मध्ये विमानाच्या तिकिटावर कर लावणारा हवामान कायदा तिथल्या मतदारांनी थोडक्या फरकाने फेटाळला. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत देशातल्या हिमनद्यांचा दहा टक्के बर्फ गेला. जून २०२३ मध्ये त्यांनी २०५० पर्यंत नेट झिरोचा कायदा मंजूर केला. तिकिटावरचा कर त्यात नव्हता.

'बघितल्याने माणूस बदलतो' हे कारणही मी बरेच दिवस वापरलं. जो बघेल तो वाचवेल. २००७ साली स्पेन्सर ट्यूनिक या छायाचित्रकाराने सहाशे लोकांना विवस्त्र या बर्फावर उभं करून फोटो काढले, हिमनद्यांकडे लक्ष जावं म्हणून. मला तो प्रयत्न प्रामाणिक वाटतो. फार तर थंड वाटतो. पण बघितल्याने मी बदललो का, याचा पुरावा माझ्याकडेच आहे. एगिसहॉर्नवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मित्रांनी बघितलंय. त्यानंतर आठ महिन्यांनी मी बालीला गेलो. तिकिटं स्वस्त होती.

एवढं सगळं डोक्यात जमा झाल्यावर बहिणीला उत्तर सोपं वाटायला हवं. अगं, जाऊ नको. मी गेलो ते चुकलं, तू तरी करू नको. मी हा मेसेज टाइपही केला. मग तो वाचला, आणि तो मला एकदम दुसऱ्याच आवाजात ऐकू आला.

आमच्या घरात हा आवाज जुना आहे. मुलाने पुण्याला जाऊन शिकावं, मुलीने लातूरलाच कॉलेज करावं. खर्च जपायचा तो मुलीच्या बाजूने. माझी बहीण भांडून पुण्याला आली, नोकरीला लागली, गेल्या वर्षी तिने पासपोर्ट काढला. आमच्या घरातली पासपोर्ट काढणारी ती पहिली बाई. आणि मी, जगाचा चौथा हिस्सा बघून आलेला भाऊ, तिला सांगणार की आता बर्फ कमी राहिलाय, तेव्हा तुझ्यापासून काटकसर सुरू करूया.

आजीच्या बाबतीतही माझी गफलत होत होती. तिचा आकडा लहान आहे म्हणून मी तिला मनात एखाद्या व्रतस्थ बाईसारखं बसवलं होतं. पण तिने कुठलाही वसा घेतला नव्हता. तिच्याकडे पैसे नव्हते, आणि तिला कुणी कुठे नेलं नाही. टंचाईला सदाचार म्हणणं हे फक्त ज्याला टंचाई नाही त्यालाच जमतं. वसा स्वतःच घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या गळ्यात बांधला की त्याला जाच म्हणतात, आणि आमच्याकडच्या बायकांना तो पुरेसा माहीत आहे.

म्हणजे बहिणीला नाही म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण 'मजा कर' म्हणून शीट पाठवण्याचाही उरलेला नाही, कारण आता मला आकडा माहीत आहे. आणि तिला न सांगता पाठवणं म्हणजे तिच्यासाठी मीच ठरवणं.

माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. पाच वर्षं फिरायला म्हणून विमान नाही. हे लिहायला अगदी सोपं आहे. डिसेंबरमध्ये मित्रांच्या ग्रुपवर व्हिएतनामची लिंक पडेल तेव्हा कळेल. याने अलेचला काही होणार नाही, हेही माहीत आहे. झुरिचच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये गणित मांडलंय, तापमानवाढ दोन अंशांखाली ठेवली तरी हे शतक संपेपर्यंत अलेचचा निम्म्याहून अधिक बर्फ जाईल, आणि वाढ तशीच चालू राहिली तर वरच्या भागात काही तुकडे उरतील. निम्मा आणि काही तुकडे, यांत मोठा फरक आहे. तो माझ्या पाच वर्षांनी पडणार नाही. पारफिटची बाटली मी या भरवशावर ओततोय की गाडीत दुसरेही ओततायत, आणि त्यातले बरेच ओतत नाहीयेत हे मला दिसतंय. कधी कधी हे सगळं मला स्वतःलाच नाटकी वाटतं.

शेवटी मी शीट पाठवली. त्यात एक नवीन टॅब जोडला. तिच्या तिकिटाचे किलोमीटर, किलो, पंधराने गुणाकार, लिटर, टँकर. खाली लिहिलं, "हा टॅब वाच आणि मग ठरव. फीशच्या हॉस्टेलचे दर जुने आहेत, तेवढे तपासून घे."

अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं. "हे बरंय, स्वतः जाऊन आला आणि आता मला टँकर मोजून देतोय." मग लगेच दुसरा. "तुझी बाली कुठेय यात?"

खरंच नव्हती. मी बसून टाकली. बाली, दुबई, दिल्ली तीनदा, गुवाहाटी, ऑफिसच्या कामाचं सिंगापूर. बेरीज येत होती ती बघवेना, पण टाकत गेलो. तिने तिचा एक गोव्याचा प्रवास टाकला. मग म्हणाली, "आजीचं पण टाक. घरातल्या सगळ्यांचं असू दे."

आजीचं मला माहीत नव्हतं. म्हणून रविवारी फोन केला.

"आजी, तू आजवर कुठं कुठं गेलीस गं?"

"कामून?"

"असंच. सांग की."

ती बराच वेळ आठवत राहिली. पंढरपूर, एसटीने, वर्षाला एकदा, गुडघे चालत होते तोवर. तुळजापूर. तिरुपती एकदा, रेल्वेने, मोठ्या मामांबरोबर. परळीला माहेर. मी एकेक टाकत होतो. मग म्हणाली, "आन् पुण्याला. तुझी डिग्री झाली तवा. ट्रॅव्हल्सच्या गाडीत लई गार लागलं बग."

मी लिहिलं, लातूर ते पुणे, एसी बस, जाऊन-येऊन.

"काय लिवायलास?" तिने विचारलं. "वाजायलंय तिकडं टकटक."